आयसीडीचा घरचा मॉनिटर: टाळेबंदीत, वादळात आणि त्यानंतर

माझ्या डाव्या खांद्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, २०१६ पासून आयसीडी आहे, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची लय घातक झाली तर ती जागेवर आणणारं छोटं यंत्र. आयसीडी कसा बसवतात, किती खर्च येतो, किती दिवस हात वर करायचा नाही, यावर लोक बरंच लिहितात. पण उशाशी ठेवायचा, यंत्रातल्या नोंदी हॉस्पिटलला पाठवणारा त्याचा जो मॉनिटर मिळतो, त्याबद्दल तो वापरणाऱ्या माणसाने लिहिलेलं मला मराठीत काही सापडलं नाही. डॉक्टर विचारतात, "घेणार का?" आणि घरचे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहतात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. ज्या कंपनीचा आयसीडी छातीत, त्याच कंपनीचा मॉनिटर त्याला चालतो, त्यामुळे नाव कळून कुणाचा फायदा होणार नाही.

निकाल आधीच सांगते. मोठ्या हॉस्पिटलपासून लांब राहणाऱ्या, आयसीडी असलेल्या प्रत्येकाने हा मॉनिटर घ्यावा. माझ्याकडून पाचपैकी चार गुण. एक गुण का कापला तेही पुढे येईल, आणि तो भाग कृपया सोडू नका.

मी दापोली तालुक्यात समुद्राच्या बाजूच्या एका गावात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी आहे. यात हृदयाच्या स्नायूची भिंत जाड होत जाते आणि त्या जाड स्नायूतून ठोक्यांचा घातक गोंधळ सुरू होऊ शकतो. हा आजार घराण्यातून येतो. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. माझा थोरला भाऊ पस्तिशीच्या आत, बागेत पाणी लावता लावता गेला. सगळ्यांनी तेव्हा अटॅक म्हटलं आणि विषय संपला. पुढे मला जिना चढताना अंधारी यायला लागली, टू-डी इको झाली, भिंतीची जाडी ३० मिलिमीटरच्या वर निघाली. साधारण माणसात ती १२च्या आत असते. पुण्यातल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं आहे का, हा. माझ्या भावाचं खरं निदान त्या दिवशी झालं असं मी मानते.

आयसीडी काय करतो ते थोडक्यात. तो प्रत्येक ठोका मोजत असतो. ठोके ठरलेल्या वेगापलीकडे गेले की आधी तो त्या वेगाहून किंचित भरभर असे काही ठोके स्वतः देतो. याला पेसिंग म्हणतात, यात दुखत नाही आणि बऱ्याच वेळा एवढ्यावर लय जागेवर येते. नाही आली तर शॉक. तो ३५ ते ४० ज्यूलपर्यंत जातो, आणि मी शुद्धीवर असताना घेतला आहे. २०१८ साली, शाळेच्या पटांगणात. छातीतून पाठीपर्यंत एकच जबरदस्त दणका बसला, हातातली हजेरी लांब उडाली आणि मी मटकन खाली बसले. मुलं रडायला लागली. त्यानंतर जे झालं त्यासाठीच मॉनिटर हवा.

शॉक बसल्यावर मी बरी होते. बोलत होते, चालत होते. पण शॉक का बसला हे कुणालाच माहीत नव्हतं. खरंच घातक लय होती, की यंत्रापासून हृदयात गेलेल्या तारेत बिघाड होऊन यंत्राने चुकीचा शॉक दिला? हे छातीतल्या यंत्रात नोंदलेलं असतं, पण ते वाचायला कंपनीचं प्रोग्रॅमर नावाचं यंत्र लागतं आणि ते होतं पुण्याला. जीप केली, रात्रभर ताम्हिणी घाटातून गेलो. दर वळणाला यजमान माझ्या तोंडाकडे बघत होते. सकाळी क्लिनिकमध्ये छातीवर प्रोग्रॅमरचं डोकं ठेवलं आणि दहा मिनिटांत उत्तर आलं: लय घातकच होती, शॉक बरोबर होता, एक गोळी वाढवली, घरी जा. उत्तर दहा मिनिटांचं आणि ते मिळवायला अख्खी रात्र. त्याच भेटीत डॉक्टरांनी सांगितलं, तुमचा आयसीडी बिनतारी आहे, घरचा मॉनिटर याला जोडता येईल. आम्ही लगेच हो म्हटलं.

आता वस्तूबद्दल. आकार साधारण जाड पुस्तकाएवढा, रंग पांढरा, वर एकच मोठं बटण आणि चार-पाच चिन्हांचे दिवे. आत मोबाइलसारखं सिम असतं, ते कंपनीच घालून देते. रिचार्जची भानगड नाही. आयसीडी आणि हा डबा आपसात ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्झच्या, अशा वैद्यकीय यंत्रांसाठी राखून ठेवलेल्या पट्ट्यात बोलतात. रात्री आपण झोपेत असताना, अडीच-तीन मीटरच्या अंतरात असलो की डबा छातीतून नोंदी घेतो आणि मोबाइलच्या नेटवर्कवरून कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतो. तिथून आपल्या हॉस्पिटलचं डिव्हाइस क्लिनिक त्या बघतं. बॅटरी किती उरली, तारांचा रोध ठीक आहे का, ठोक्यांचा गोंधळ कधी झाला, त्यावर यंत्राने काय केलं, सगळं जातं. झोपेत काहीही जाणवत नाही. डबा शॉक देत नाही, यंत्राची सेटिंग बदलत नाही, आपलं बोलणं ऐकत नाही. सासूबाईंनी सुरुवातीला त्यावर टॉवेल टाकून ठेवला होता. टॉवेलनेही काही बिघडत नाही.

आमच्याकडे खरी अडचण आली ती भिंतींची. घर जांभ्या चिऱ्याचं, भिंती हातभर जाड. माजघरात माझा पलंग, तिथे त्या सिमला रेंजच नाही. सिम एकाच कंपनीचं, आपल्याला बदलता येत नाही. पहिले काही दिवस नेटवर्कचा दिवा पिवळाच. शेवटी पलंग माजघरातून काढून पडवीलगतच्या खोलीत, टॉवरच्या बाजूच्या खिडकीखाली नेला आणि दिवा हिरवा झाला. कोकणात हे घेणाऱ्यांना माझा सल्ला असा की डबा बसवायला कंपनीचा माणूस घरी येत असेल तर तो असतानाच सगळ्या खोल्यांत फिरवून बघा. आपल्या मोबाइलला रेंज आहे म्हणजे डब्याला असेलच असं नाही.

वर्ष-दीड वर्ष तो डबा नुसता हिरवा दिवा लावून बसला होता. मग मार्च २०२० आला.

२२ मार्चला जनता कर्फ्यू, २४च्या रात्री आठ वाजता घोषणा आणि २५पासून देश बंद. माझी तपासणीची तारीख एप्रिलमधली. पुण्यात रुग्ण वाढत होते, ओपीडी बंद, जिल्ह्याच्या हद्दीवर पोलीस. क्लिनिकला फोन लावला तर तिथल्या टेक्निशियन मुलीने मला नावाने ओळखलं आणि म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडे मॉनिटर आहे ना? मग तुम्ही अजिबात निघू नका. मी सांगते तेव्हा बटण दाबा." तिने सांगितल्यावर डब्यासमोर बसले, बटण दाबलं, दिवे एकामागून एक पेटत गेले, काही मिनिटांनी बरोबरची खूण आली. अर्ध्या तासात तिचा फोन: "बॅटरी छान आहे, तारा छान आहेत, एकही एपिसोड नाही." एपिसोड म्हणजे ठोक्यांचा गोंधळ. माझी तपासणी पडवीलगतच्या खोलीत झाली. ज्यांच्याकडे मॉनिटर नव्हता त्यांचे क्लिनिकने एक-एक करून फोन घेतले, लक्षणं विचारली आणि ज्यांची बॅटरी संपत आली होती तेवढ्यांनाच बोलावलं, हे तिनेच मला नंतर सांगितलं.

इथे एक बारीक गोष्ट. बटण आपल्या मनाने दाबायचं नसतं. प्रत्येक पाठवणीला आयसीडीची बॅटरी थोडी खर्च होते, आणि ती बॅटरी बदलायची म्हणजे पुन्हा कातडीला छेद देऊन यंत्रच बदलायचं. त्या काळात धडधड वाढली की बटणाकडे हात जायचा. क्लिनिकने निक्षून सांगितलं होतं: आधी फोन, मग बटण. हे सगळ्यांनी पाळावं.

मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी परतायला लागले. आमच्या शाळेतच त्यांना चौदा दिवस ठेवायचं ठरलं, आणि आम्हा शिक्षकांना गावाच्या नाक्यावर नोंदणीची ड्युटी लागली. टेबल, वही, मास्क, वर फाटकी ताडपत्री आणि वैशाखाचं ऊन. त्याच आठवड्यात मला जुलाब झाले. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून पुन्हा नाक्यावर गेले. दुपारी एका कुटुंबाची नावं लिहीत असताना डोळ्यांपुढे अंधारी आली, पेन हातातून सुटलं, कानात घूं आवाज, आणि तीन-चार श्वासांत सगळं पूर्ववत. शेजारच्या सरांनी पाणी दिलं, म्हणाले, "बाई, ऊन लागलं." मलाही तसंच वाटलं. संध्याकाळी घरी आले, जेवले, झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला पुण्याहून फोन.

"मॅडम, काल दुपारी पावणेतीनच्या सुमारास तुम्ही काय करत होतात?"

मी गप्पच झाले. मग तिने शांतपणे सांगितलं की तेव्हा ठोके मिनिटाला २१४ झाले होते, हृदयाच्या खालच्या कप्प्यातून, आणि यंत्राने आठ ठोक्यांचं एक पेसिंग देऊन ते थांबवलं. शॉकची वेळ आली नाही. रात्री डब्याने त्या ठोक्यांच्या आलेखाची पट्टी पाठवली, सकाळी तिने बघितली, डॉक्टरांना दाखवली. मग प्रश्नांची सरबत्ती: गोळी चुकली का, ताप आहे का, उलटी-जुलाब? जुलाब म्हटल्यावर तिने फोन थेट डॉक्टरांच्या हातात दिला. त्यांनी सांगितलं, आत्ताच्या आत्ता रक्तातलं पोटॅशियम तपासा, आणि पाणी-मीठ-साखर चालू करा. माझ्या आजारात अंगातलं पाणी कमी होणं दुहेरी वाईट: एकीकडे जाड स्नायूमुळे रक्त बाहेर पडायची वाट आणखी अरुंद होते, दुसरीकडे जुलाबातून पोटॅशियम गेलं की ठोक्यांची लय बिघडायला निमित्त मिळतं.

दापोलीच्या लॅबमध्ये पोटॅशियम ३.१ निघालं. साडेतीनच्या खाली म्हणजे कमीच. डॉक्टरांनी चिठ्ठी व्हॉट्सॲपवर पाठवली. २५ मार्चलाच केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली होती, त्यामुळे अशी फोनवरची चिठ्ठी नियमात बसत होती आणि केमिस्टनेही ती मुकाट्याने घेतली. पोटॅशियमचं सिरप घेतलं, दोन दिवसांनी रक्त पुन्हा तपासलं, आकडा जागेवर आला. मेटोप्रोलॉल या ठोके मंदावणाऱ्या गोळीचा डोसही थोडा वाढवला.

डबा नसता तर काय झालं असतं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पेसिंगने काम झालं होतं, शॉक बसला नव्हता, म्हणजे मला आणि गावाला ते ऊनच वाटलं असतं. मी दुसऱ्या दिवशी तसंच कमी पोटॅशियम घेऊन पुन्हा नाक्यावर बसले असते. आयसीडीने एकदा लय थांबवली, पण ती का बिघडली हे त्याला कळत नाही आणि औषध देता येत नाही. ते त्या मुलीने सकाळी पट्टी वाचली म्हणून झालं. चोवीस तासांत तीन किंवा जास्त वेळा असा गोंधळ झाला तर त्याला इलेक्ट्रिकल स्टॉर्म म्हणतात आणि मग थेट आयसीयू. त्या दिवसांत दापोलीहून आयसीयू गाठणं म्हणजे काय होतं, हे इथल्या लोकांना सांगायला नको.

त्याच पट्टीची प्रत आणि डॉक्टरांचं पत्र क्लिनिकने ईमेलने पाठवलं. ते दाखवल्यावर माझी नाक्यावरची ड्युटी त्याच दिवशी रद्द झाली आणि घरून फोनवर याद्या करण्याचं काम मिळालं. छापील, तारीख-वेळ घातलेला कागद हातात असला की आजार तोंडाने समजावत बसावं लागत नाही. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाला याची किंमत कळेल.

आणखी एक आठवतं. नाक्यावर कुणीतरी हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या गोळ्या आणल्या होत्या, सगळ्यांना वाटून देत होते. आयसीएमआरने मार्चमध्ये कोविड टाळण्यासाठी आरोग्य कर्मचाऱ्यांना ती सुचवली आणि लोकांनी दुकानं रिकामी केली. २६ मार्चला सरकारला ती चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घालावी लागली. मी क्लिनिकला विचारलं. उत्तर स्पष्ट होतं: हात लावू नका. ही गोळी हृदयाचा क्यूटी काळ, म्हणजे एका ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ, लांबवते, ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक बरोबर घेतलं तर आणखीच, आणि ज्यांच्या लयीला आधीच धोका आहे त्यांनी ती ईसीजीच्या देखरेखीशिवाय घ्यायची नाही. आयसीडी असलेल्या कुणाला शेजारीपाजारी प्रेमाने गोळी देत असतील, कुठलीही, तर आधी क्लिनिकला फोन करा.

मग ३ जून. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि आमचा दापोली-मंडणगडचा पट्टा त्याच्या तडाख्यात सापडला. केळशी, आंजर्ले, हर्णे, सगळीकडे नारळी-पोफळी आडव्या. आमच्या पडवीची कौलं उडाली, मागचा फणस गोठ्यावर पडला. विजेचे खांब मोडले, मोबाइलचे टॉवर बंद. काही गावांत वीज यायला कित्येक आठवडे लागले. पाऊस कौलांतून घरात आणि मी डबा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून धान्याच्या पेटीत ठेवलेला. इन्व्हर्टर पहिल्याच रात्री संपला.

या काळात मॉनिटरचा उपयोग शून्य होता, आणि हे लिहिलंच पाहिजे. वीज नाही, नेटवर्क नाही, तर तो पांढरा डबा आहे, बाकी काही नाही. पण याचा अर्थ आयसीडी बंद, असा अजिबात नाही. आमच्या घरात सगळ्यांना तीच भीती होती आणि आमच्या शेजारच्या काकूंनी तर "आता हिचं कसं?" म्हणून डोळ्यांना पदर लावला. आयसीडीची बॅटरी त्याची स्वतःची, त्याचं काम त्याच्या त्याच्या आत चालतं, त्याला ना विजेची गरज ना टॉवरची. नोंदीही आत साठून राहतात. थांबतं ते फक्त लांबून कुणीतरी बघणं.

वाट मोकळी झाल्यावर यजमानांनी मोटारसायकलवरून डबा आणि मला खेडला नणंदेकडे नेलं. तिथे वीज होती. तिच्या ओटीवर डबा लावला, मोबाइलला रेंज आली तशा क्लिनिकचे चुकलेले कॉल एकामागून एक दिसायला लागले. वादळानंतर माझा डबा 'संपर्क नाही' च्या यादीत गेला होता आणि ती मुलगी रोज फोन लावून बघत होती. तिच्या सांगण्यावरून बटण दाबलं. वादळाच्या रात्री आठ-दहा भरभर ठोक्यांची एक छोटी धाव होती, आपोआप थांबलेली, बाकी काही नाही. नणंदेने मला पाणी दिलं आणि मी तिच्या ओटीवर बसून खूप रडले. वादळात रडायला वेळच मिळाला नव्हता.

ऑक्टोबरात पुण्याला प्रत्यक्ष गेले तेव्हा डॉक्टरांनी पूर्ण वर्षाचा अहवाल छापून समोर ठेवला. त्यात एक रेघ असते, दिवसाला किती तास शरीर हलतं आहे त्याची. आयसीडीमध्ये हालचाल टिपायची सोय असते. २२ मार्चच्या आसपास ती रेघ कड्यावरून उतरल्यासारखी खाली आली होती आणि मेमध्ये नाक्याच्या ड्युटीत पुन्हा वर. रात्रीचे सरासरी ठोके एप्रिलमध्ये कमी झालेले. एप्रिलभर एकही एपिसोड नाही. मी म्हटलं, त्या महिन्यात तर मी सगळ्यात जास्त घाबरलेली होते. डॉक्टर म्हणाले, असं तुमच्या एकटीचं नाही.

मग त्यांनी सांगितलेलं मी नंतर स्वतःही वाचलं. अमेरिकेत वीस राज्यांतल्या सुमारे सहा हजार आयसीडीधारकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा २०२०च्या साथीच्या सुरुवातीच्या आठवड्यांत खालच्या कप्प्यातल्या घातक लयी जवळजवळ एक तृतीयांशाने कमी झालेल्या दिसल्या. भीतीने त्या वाढतील असंच बहुतेकांना वाटलं असतं. लोक घरी बसले, धावपळ, प्रवास, कामाचा ताण कमी झाला, हे त्यामागचं कारण असावं असा अभ्यासकांचा तर्क आहे. आणि ह्याच काळात इटलीच्या लोंबार्डीतल्या चार जिल्ह्यांत, साथीच्या पहिल्या चाळीस दिवसांत, हॉस्पिटलबाहेर हृदय बंद पडण्याच्या घटना आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा ५८ टक्क्यांनी वाढल्या: २२९ वरून ३६२. कुणाला कोविड झालेला, कुणापर्यंत मदत उशिरा पोचली, कुणी हॉस्पिटलला घाबरून घरीच थांबलं. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की माझ्या पोटात गोळा येतो. अमेरिकेतला आकडा कळला तोच मुळी अशा घरोघरच्या मॉनिटरमुळे. कुणी हॉस्पिटलात न जाताही त्यांच्या लयीवर कुणाची तरी नजर होती. माझ्या भावाच्या वेळी असं काहीच नव्हतं.

आता कापलेला गुण.

डब्याबरोबरची माहितीपुस्तिका इंग्रजीत. हेल्पलाइनवर तेव्हा हिंदी किंवा इंग्रजी बोलावं लागे. सासूबाईंना किंवा गावातल्या कुणा एकट्या म्हाताऱ्या माणसाला दिव्यांच्या त्या चिन्हांवरून काहीही कळणार नाही. टाळेबंदीतच एकदा व्होल्टेज वरखाली होऊन अ‍ॅडॉप्टर जळला, आणि कुरिअर बंद असल्याने नवा यायला बराच उशीर झाला. तेव्हापासून मी तो चांगल्या स्टॅबिलायझरवर लावते आणि एक जादा अ‍ॅडॉप्टर मागून घेतला आहे. पण एवढ्यासाठी मी गुण कापला नसता.

गुण कापला तो यासाठी. २०२२ मध्ये त्या टेक्निशियन मुलीने नोकरी बदलली. डब्याचा दिवा हिरवा, रोज रात्री नोंदी जात होत्या, डब्यावर बरोबरची खूणही येत होती. पण दर तीन महिन्यांनी येणारा फोन आला नाही. मी थांबले, मग स्वतः फोन केला, तेव्हा कळलं की तिच्या जागी आलेल्याला सर्व्हरचा पासवर्डच मिळालेला नव्हता. माझ्या आणि माझ्यासारख्या कितीतरी जणांच्या नोंदी सर्व्हरवर जमा होत होत्या आणि त्या कुणीही उघडत नव्हतं. सुदैवाने माझ्या नोंदींत काही वाईट नव्हतं. पण बरोबरच्या खुणेचा अर्थ 'पोचलं' एवढाच आहे, 'वाचलं' असा नाही, आणि हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. शिवाय क्लिनिक आठवड्याचे सहा दिवस, दिवसा चालतं. शनिवारी रात्री गेलेली सूचना सोमवारी उघडली जाते. हा डबा म्हणजे रुग्णवाहिका बोलावणारी यंत्रणा नव्हे. एक शॉक बसून बरं वाटत असेल तर क्लिनिकला कळवा. एकाहून जास्त बसले, किंवा एकाच शॉकनंतर छातीत दुखतंय, दम लागतोय, चक्कर येतेय, तर डब्याकडे न बघता जवळचं हॉस्पिटल गाठा. आमच्या घरी फ्रिजवर हे मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून लावलं आहे.

म्हणून घेण्याआधी कंपनीच्या माणसापेक्षा हॉस्पिटलला जास्त प्रश्न विचारा. नोंदी रोज कोण उघडतं, त्याचं नाव काय, तो सुट्टीवर गेला तर कोण? सूचना आल्यापासून किती वेळात फोन येतो? आपल्या घरचे दोन मोबाइल नंबर त्यांच्याकडे लिहिलेत ना, आणि त्यातला एक वेगळ्या कंपनीचा आहे ना? मॉनिटरचे पैसे आयसीडीच्या बिलात धरले आहेत की वेगळे, हे लेखी घ्या. आमच्या बिलात तसं लिहिलेलं होतं म्हणून पुढे बदली डबा मिळताना वाद झाला नाही. नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर राहतात, त्याच्या संमतीपत्रावर सही घेतात. ते घरी आणून वाचा आणि मग सही करा. या प्रश्नांना जे क्लिनिक कंटाळत नाही तिथेच हा मॉनिटर खऱ्या अर्थाने चालतो. आमच्याकडे आता नव्या टेक्निशियनने रुग्णांची यादी भिंतीवर लावली आहे, तिमाहीचा फोन वेळेवर येतो, आणि माझे चार गुण त्याच्यामुळे टिकून आहेत.

शहरात, हॉस्पिटलपासून दोन-चार किलोमीटरवर राहणाऱ्यांना याची तेवढी गरज आहे का, असं मला विचारतात. तारेतला बिघाड किंवा न जाणवलेला एपिसोड हा अंतर बघून होत नाही, त्यामुळे उपयोग त्यांनाही आहे. पण पैशाची ओढाताण असेल आणि दर तीन महिन्यांनी तपासणीला जाणं जमत असेल, तर मी आग्रह धरणार नाही. लांबच्यांना मात्र धरीन.

आता माझ्या आयसीडीची बॅटरी बदलायची वेळ जवळ आली आहे. बऱ्याच नव्या यंत्रांना वेगळा डबा लागत नाही, ब्लूटूथवरून ती मोबाइलमधल्या ॲपशी जोडतात आणि नोंदी मोबाइलच पाठवतो. डॉक्टर तेच सुचवतायत. फायदा दिसतो: खेडला नेण्यासारखं काही उरत नाही, फोन पॉवरबँकवरही चालतो, आणि सिम आपल्या पसंतीचं. पण माझा मोबाइल दिवसभर पालक, याद्या आणि मुलांच्या व्हिडिओंत गुंतलेला असतो, बॅटरी संपते, ॲप मागे बंद पडतं. मी डॉक्टरांना विचारलं आहे की वेगळा डबा मिळेल का. मिळत असेल तर मी तोच घेणार. नसेल तर एक साधा मोबाइल फक्त ह्या कामासाठी घेऊन खिडकीखाली त्याच जागी चार्जरला लावून ठेवणार. पुढच्या महिन्यात पुण्याला जायचं आहे. ॲप मराठीत आहे का, आणि फोन बंद पडला तर क्लिनिकला किती तासांत कळतं, हे दोन प्रश्न आत्ताच लिहून ठेवले आहेत. उत्तरं मिळाली की इथेच खाली लिहीन.